डेस्कटॉपचा नेटवर्क बॅकअप : घ्यायचा कसा, आणि वेळ आली की अख्खा कॉम्प्युटर परत आणायचा कसा?

फोन बदलताना आपल्याला आता फारशी धास्ती वाटत नाही. नवा फोन आला की गूगल खात्यात लॉगिन करायचं, कॉन्टॅक्ट आपोआप येतात, अॅप्स प्ले स्टोअरवरून उतरतात, व्हॉट्सअॅपचा बॅकअप ड्राइव्हवरून ओढला की तासाभरात सगळं जिथल्या तिथे. या सवयीमुळे घरातल्या किंवा दुकानातल्या डेस्कटॉपचंही असंच होईल, असं आपण धरून चालतो.

तसं होत नाही. लग्नपत्रिका करणाऱ्या एखाद्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. त्यात पेजमेकर ७ असतं. ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. सोबत श्रीलिपीसारखे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. पत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवली म्हणून उपयोग नाही. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरची सीडी कुठे गेली माहीत नाही, लायसन्स नंबर लिहिलेला कागद दोन दिवाळ्यांपूर्वी रद्दीत गेला, प्रिंटरचा ड्रायव्हर कोणी टाकला होता तेही आठवत नाही. अशा कॉम्प्युटरच्या फाइली वाचवून भागत नाही. अख्खा कॉम्प्युटर वाचवावा लागतो.

माझ्या मावसभावाच्या दुकानात मी हेच केलं होतं. रोज दुपारी मुख्य कॉम्प्युटरचा बॅकअप बाजूच्या जुन्या कॉम्प्युटरवर जायचा. मी खूश, तोही खूश. मग एके दिवशी मुख्य कॉम्प्युटरची डिस्क गेली. नवी एसएसडी लावली, रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह घातला, स्क्रीन आली, आणि नेटवर्क नाही! पेन ड्राइव्हमध्ये लॅन कार्डचा ड्रायव्हरच नव्हता. बॅकअप दहा फुटांवर पडलेला, आणि तिथपर्यंत जाता येईना. तो ड्रायव्हर शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला. चूक सर्वस्वी माझी. बॅकअप मी रोज बघत होतो, पण परत आणायची वाट एकदाही चालून बघितली नव्हती. म्हणून या लेखात बॅकअपपेक्षा परत आणण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

फाइलींचा बॅकअप वेगळा, इमेज वेगळी

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह तुमच्या फाइली सांभाळतात. इमेज बॅकअप म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, सेटिंग, बूट होण्यासाठी लागणारे लपलेले पार्टिशन, अशा सगळ्यासकट डिस्कची छबी. कोऱ्या डिस्कवर ती उतरवली की कॉम्प्युटर त्या दिवशी जसा होता तसा उघडतो, वॉलपेपरसकट. याला 'बेअर मेटल रिस्टोअर' म्हणतात. डिस्कवर काहीही नसताना केलेला रिस्टोअर, एवढाच त्याचा अर्थ.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' नावाची जुनी सोय अजून दिसते. तिच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिच्यातल्या सिस्टिम इमेजच्या सोयीवरून हात काढून घेतला. शिवाय नेटवर्कवर ती एकच इमेज ठेवते आणि पुढच्या वेळी जुनी पुसून नवी लिहिते. काल व्हायरस शिरला आणि आज इमेज घेतली गेली, तर तुमच्याकडे उरते ती फक्त व्हायरसवाली इमेज.

मी वापरतो ते 'वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोज'. त्याची मोफत आवृत्ती घर आणि लहान दुकानाला पुरते. नोंदणी करून डाउनलोड करावं लागतं, तेवढा त्रास आहे. अनेकांच्या आवडीची मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती आता बंद झाली आहे. क्लोनझिला उत्तम आणि पूर्ण मोफत आहे, पण ते काळ्या पडद्यावर प्रश्न विचारत जातं आणि रोज आपोआप बॅकअप घेत बसत नाही. पुढचं वर्णन वीमचं आहे. दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, गोष्ट तीच.

बॅकअप ठेवायचा कुठे

नॅस असेल तर प्रश्नच नाही. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, फक्त साठवणीसाठी असलेला छोटा कॉम्प्युटर. नसेल तर घरातला जुना कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप काढा आणि त्याला मोठी डिस्क लावा. मुख्य कॉम्प्युटरमध्ये जेवढी जागा वापरात आहे त्याच्या दुप्पट तरी जागा हवी.

राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतो, त्याला हार्ड डिस्क लावून चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. बऱ्याचदा चालत नाही. पुष्कळ जुन्या राउटरना फाइल शेअरिंगची एसएमबी१ ही जुनाट पद्धतच येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय याच पद्धतीतल्या भोकातून शिरला होता, आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून विंडोज १० ती आपणहून बसवतच नाही. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती तर आणखी कडक झाली आहे. प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेलं, म्हणजे 'गेस्ट' शेअरिंग ती नाकारते. नेटवर तुम्हाला 'एसएमबी१ चालू करा, झालं काम' असा सल्ला देणारे व्हिडिओ सापडतील. ऐकू नका. आणि डिस्क एफएटी३२ने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही, बॅकअपची फाइल तर शंभर-दोनशे जीबीची असते.

वेगाचा हिशोबही आधीच करून घ्या. समजा २०० जीबी पाठवायचे आहेत. गिगाबिट लॅन असेल तर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे अर्ध्या तासात काम. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे पाच तास. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर, मध्ये दोन भिंती असतील तर, अख्खी रात्र लागू शकते. दोन्ही मशीन आणि राउटर गिगाबिटचे असूनही वेग १०० वरच अडकला असेल, तर केबल बघा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार तुटली किंवा केबलवाल्याने चारच तारा क्रिंप केल्या असतील तर लिंक गुपचूप १०० वर येते. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून चार तास वाचतात.

हे पाच तास फक्त पहिल्यांदा. त्यानंतर रोज जेवढं बदललं तेवढंच जातं आणि ते बहुधा काही मिनिटांत आटोपतं.

जुन्या कॉम्प्युटरवर शेअर बनवणं

ज्या मशीनवर बॅकअप जाणार आहे तिथे आधी एक वेगळा लोकल युजर बनवा. नाव काहीही, पासवर्ड दणकट, आणि त्याला अॅडमिन करू नका. मग मोठ्या डिस्कवर एक फोल्डर करून प्रॉपर्टीजमधून शेअर करा. शेअरच्या परवानग्यांमध्ये 'एव्हरीवन' दिसेल, तो काढून टाका आणि नव्या युजरला वाचायची-लिहायची परवानगी द्या. हीच परवानगी 'सिक्युरिटी' टॅबमध्येही द्यावी लागते. बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण एका ठिकाणी दिली की झालं असं वाटतं. नेटवर्क 'प्रायव्हेट' असू द्या आणि त्या मशीनचं स्लीप बंद करा.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या मशीनचा आयपी पत्ता पक्का करून ठेवा. ही सोय 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशाच नावाने असते. कारण असं की, रोजच्या वापरात कॉम्प्युटर एकमेकांना नावाने ओळखतात, पण रिकव्हरीच्या पेन ड्राइव्हवरून चालू केलेल्या मशीनला नावाने शोधणं नेहमी जमतंच असं नाही. आयपीने मात्र ते बरोबर पोचतं. म्हणून बॅकअपचा पत्ता भरतानाही दोन उलटे तिरके दांडे, मग आयपी, मग एक उलटा दांडा आणि फोल्डरचं नाव असाच भरा.

बॅकअप लावणं

वीममध्ये बॅकअप जॉब बनवताना काय घ्यायचं असं विचारलं की 'एन्टायर कॉम्प्युटर' निवडा. कुठे ठेवायचं, तर 'शेअर्ड फोल्डर'. तिथे वरचा पत्ता आणि त्या खास युजरचं नाव-पासवर्ड द्या.

एक गोष्ट मुद्दाम करायची नाही : तो फोल्डर 'झेड ड्राइव्ह' वगैरे करून 'धिस पीसी'मध्ये लावून ठेवायचा नाही. रॅन्समवेअर आलं की ते कॉम्प्युटरला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवर हात मारतं, नेटवर्कवरच्यासुद्धा. फोल्डरचा पासवर्ड फक्त बॅकअप सॉफ्टवेअरला माहीत असू दे, विंडोजला नको. याने धोका शून्य होत नाही, म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल एखाद्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर, असा ३-२-१चा नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. डिस्क मामाकडे ठेवली तर तोही पूर्ण होतो.

अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन आहे, ते चालू करा. इमेजमध्ये ग्राहकांच्या आधार कार्डांचे स्कॅन, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सगळं असतं. पण इथे दिलेला पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप कोणीही उघडू शकत नाही. 'फरगॉट पासवर्ड'ची सोय इथे नाही.

वेळ कोणती लावायची? रात्री दोनची वेळ दिली आणि दुकान नऊला बंद होत असेल तर बॅकअप कधीच होणार नाही. जेवणाची सुट्टी बरी. 'कॉम्प्युटर बंद असेल तर चालू झाल्यावर बॅकअप घे' हा पर्याय निवडून ठेवा. जिथे दिवे जातात तिथे आणखी एक बघा : मुख्य कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, अशी जोडणी फार ठिकाणी असते. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो पण नेटवर्क मरतं आणि बॅकअप मधेच तुटतो. राउटर आणि बॅकअपचं मशीनही यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या.

आठवड्यातून एकदा वीमची खिडकी उघडून नजर टाका. प्रत्येक बॅकअपची एक पट्टी दिसते. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे काहीतरी खटकलंय, लाल म्हणजे झालाच नाही. हे सांगण्याचं कारण आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या एकदोन नाही, अनेक पद्धती होत्या. बघायला गेले तर रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या घोळामुळे बरेच दिवस होतच नव्हता, आणि 'बॅकअप झाला नाही' अशी सूचना देणारे ईमेल त्यांच्याच मेल सर्व्हरवर नाकारले जात होते. शेवटी, योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीवर त्यांची गाडी रुळावर आली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. जी कंपनी हेच काम करते तिची ही गत, तर आपली काय कथा.

पेन ड्राइव्ह, आणि तो कागद

आता माझी चूक जिथे झाली ती जागा. वीममध्ये 'क्रिएट रिकव्हरी मीडिया' असा पर्याय आहे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल). पुढच्या खिडकीत दोन खुणा असतात : या कॉम्प्युटरचे हार्डवेअर ड्रायव्हर सोबत घ्या, आणि नेटवर्कच्या जोडणीची सेटिंग सोबत घ्या. दोन्ही चालू ठेवा. घाईत 'नेक्स्ट-नेक्स्ट' करू नका.

ड्रायव्हर फक्त नेटवर्कचाच लागतो असं नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते. त्याचा ड्रायव्हर नसेल तर रिकव्हरीमध्ये नेटवर्क दिसतं, बॅकअप दिसतो, पण ज्या डिस्कवर तो उतरवायचा ती डिस्कच दिसत नाही! हा पेन ड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरवर, तो धडधाकट असताना बनवायचा, याचं कारण हेच. मित्राच्या लॅपटॉपवर बनवलेला ऐन वेळी दगा देऊ शकतो.

पेन ड्राइव्हसोबत एक कागद हवा. त्यावर पाच गोष्टी : बॅकअपच्या मशीनचा आयपी आणि फोल्डरचं नाव, त्या खास युजरचं नाव, त्याचा पासवर्ड, एन्क्रिप्शनचा पासवर्ड, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क स्वतःहून एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे 'मी तर बिटलॉकर लावलंच नाही' म्हणून निश्चिंत राहू नका. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, फोनवरूनही बघता येते. कागद घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्येही हे सगळं ठेवा, म्हणजे रिस्टोअरच्या वेळी फोन हाताशी असतोच. याची फाइल करून त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवणारे लोक मी बघितलेत. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत!

रंगीत तालीम

नाटकाची असते तशी रिस्टोअरचीही तालीम करा. कॉम्प्युटर बंद करा, लॅन केबल लावा, पेन ड्राइव्ह घालून सुरू करा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११ दाबतात. वीमची स्क्रीन आली की 'बेअर मेटल रिकव्हरी', मग 'नेटवर्क स्टोरेज', मग 'शेअर्ड फोल्डर'. कागदावर लिहिलेला पत्ता, नाव, पासवर्ड भरा. युजरचं नाव चालत नसेल तर त्याआधी बॅकअपच्या मशीनचं नाव आणि एक उलटा दांडा लावून बघा. तुमच्या कॉम्प्युटरचं नाव आणि बॅकअपच्या तारखांची यादी समोर आली, एन्क्रिप्शनचा पासवर्ड घेतला गेला, की तिथेच थांबा आणि 'कॅन्सल' करा. डिस्कला अजून काहीही झालेलं नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्यासारखा दिवस वाया जाण्याची जवळजवळ सगळी कारणं यात पकडली जातात.

कुठून तरी एक जादा एसएसडी मिळाली तर खरी तालीमही करा. मूळ डिस्कची केबल काढून बाजूला ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि जादा एसएसडीवर पूर्ण रिस्टोअर करून बघा. दुकानाचा कॉम्प्युटर असेल तर मी हे वर्षातून एकदा करतो, गुढीपाडव्याच्या सुट्टीत.

आणि खरीच वेळ आली तर

नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी घ्या. लहान डिस्कवर बसवणं जमू शकतं, पण त्या दिवशी डोक्याला आणखी ताप नको. फोटोंची किंवा डेटाची दुसरी डिस्क आत असेल तर तिची केबल काढून ठेवा, कारण रिस्टोअर ज्या डिस्कवर होतो ती पूर्ण पुसली जाते आणि घाबरलेल्या माणसाला 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' सारख्याच दिसतात. बॅकअपची तारीख निवडताना डिस्क बिघडली असेल तर सगळ्यात ताजी घ्या. व्हायरस किंवा रॅन्समवेअर असेल तर लक्षणं दिसायच्या आधीची तारीख घ्या, दोन-चार दिवसांचं काम गेलं तरी चालेल. मग 'एन्टायर कॉम्प्युटर'. दुसरी डिस्क काढून ठेवली असेल तर 'सिस्टिम व्हॉल्यूम्स ओन्ली' घ्या.

पट्टी शंभर टक्क्यांवर गेली की पेन ड्राइव्ह काढून रिस्टार्ट करा. मदरबोर्ड तोच असेल तर विंडोजचं अॅक्टिव्हेशन बहुधा टिकतं. मदरबोर्डच बदलला असेल तर ते पुन्हा मागितलं जातं, आणि लायसन्सवाली काही सॉफ्टवेअर्सही रुसतात. बिटलॉकर होतं का ते तपासून बंद झालं असल्यास पुन्हा चालू करा आणि नवी की कागदावर लिहा, जुनी चालणार नाही. शेवटी वीम उघडून हाताने एक बॅकअप सुरू करा. जुन्या बॅकअपच्या फाइली तो हिरवा होईपर्यंत पुसू नका.